मायिम म्हणजे पाणी

गोदावरीकाकू माहूरकर धडधाकट होत्या तेव्हा लातूरच्या त्यांच्या गल्लीत कुणाची उपाशी पोटी सुटका नव्हती. दारात पोस्टमन येवो, सिलिंडरवाला येवो, नाहीतर वीजबिल टाकणारी पोरगी येवो, काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलीस का गं?" नाही म्हटलं तर पाट मांडलाच म्हणून समजा, आणि हो म्हटलं तरी वाटीभर काहीतरी हातावर पडायचंच. बोलणं असं की समोरच्यानं तोंड उघडायच्या आत ह्यांचं सगळं सांगून व्हायचं. अशा बाईला लकवा मारावा! उजवं अंग गेलं ते गेलंच, वाचाही गेली. आता देवाला काय म्हणावं?

ह्या घरात सिंधु बिरादार आली ती त्यानंतर दोन महिन्यांनी, काकूंना सांभाळायला. सिंधु उदगीरच्या पलीकडची, देवणीच्या बाजूच्या एका खेड्यातली शेतकऱ्याची लेक. उदगीरला नर्सिंगचा छोटा कोर्स केलेला. लग्न झालं होतं, पण नवऱ्यानं नांदवलं नाही. भावाच्या घरी आई होती, महादेवी. सिंधु तिला अव्वा म्हणायची. भाऊ वाईट नव्हता, पण घर त्याचं होतं आणि ते रोज कुठल्या ना कुठल्या निमित्तानं कळायचं. सिंधुला उदगीरला दोनच खोल्या पाहिजे होत्या, पण दारावरची पाटी स्वतःच्या नावाची. त्यात अव्वाला आणून ठेवायचं आणि भाकरी करताना कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही, एवढीच तिची हाव.

म्हणूनच वर्षभरानं हैदराबादच्या एका एजन्सीनं इस्राएलला म्हाताऱ्या माणसांना सांभाळायच्या कामासाठी बाया घ्यायला सुरुवात केली, तेव्हा सिंधुनं कुणाला न विचारता अर्ज ठोकून दिला. तिकडं लढाईबिढाई चालू असते हे तिला माहीत होतं. अव्वानं तर फोनवर गळाच काढला. सिंधु म्हणाली, "अव्वा, रडू नकू. आधी पास तर होऊ दी." कारण अट मोठी होती. पाच महिन्यांनी हिब्रू भाषेत मुलाखत होणार, आणि जिला रोजचं बोलणं जमणार नाही ती घरी.

एजन्सीनं एक पातळ पुस्तक दिलं होतं, हिब्रूचे शब्द इंग्रजी अक्षरांत. शिवाय मोबाइलवर आवाज पाठवायचे. सिंधुनं ते पुस्तक काकूंच्या दवाखान्याच्या फाइलमध्ये दडवून ठेवलं. ह्या घराला आपण सोडून जाणार, हे सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. काकूंच्या यजमानांना तर मुळीच नाही.

यजमान म्हणजे रेणुकादासकाका. वय शहाऐंशी, कानानं कमी, डोळ्यानं तेज. मूळचे माहूरचे. निजामाच्या राज्यात पहिल्या तीन इयत्ता उर्दूत झाल्या, त्याही एका मौलवीसाहेबांच्या छडीखाली. पुढं महसूल खात्यात नोकरी. निवृत्त होऊन अठ्ठावीस वर्षं झाली तरी लातूरचे वकील त्यांच्या दारात गाडी लावायचे, कारण निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद उर्दूत असतात आणि ते वाचणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजावी लागतात. लोक आपल्याच आजोबाचा कागद घेऊन यायचे, आणि आजोबा काय म्हणाला ते काका वाचून सांगायचे.

एक दिवस गोळ्यांची चिठ्ठी शोधताना काकांच्या हाती ते पुस्तक लागलं. सिंधु पोळ्या लाटत होती. बाहेर येऊन बघते तर काका खुर्चीत बसून पानं उलटतायत. ती लाटणं घेऊनच दारात थबकली.

"हे कुठल्या मुलखाचं?" काकांनी विचारलं.

"इस्राएलचं, काका."

"जाणार आहेस?"

"पास झाले तर."

काका उठले, आत गेले. सिंधुला वाटलं, झालं, आता पिशवी भरायची. एवढ्यात काका परत आले. हातात भिंग, पेन्सिल आणि जुन्या पंचांगाची मागची कोरी पानं.

"बस इथं," ते म्हणाले. "असं पोपटासारखं पाठ करून दोनशे शब्द डोक्यात राहतात होय? उसाला एका डोळ्यापासून किती फुटवे येतात?"

"चांगला असला तर धा-बारा."

"मग तसंच आहे हे. तीन अक्षरांची एक मुळी असते, तिला फुटवे येतात. मौलवीसाहेबांनी मला ते उर्दूतल्या अरबी शब्दांतून शिकवलं. ही तुझी भाषा अरबीची चुलतबहीण दिसते. बघ, क, त, ब. किताब माहीत आहे ना? लिहिणारा तो कातिब. आता तुझं पुस्तक काय म्हणतं? कतव म्हणजे लिहिलं. मिख्ताव म्हणजे पत्र. क्तोवेत म्हणजे पत्ता. फुटवे निरनिराळे, बेट एकच."

आणि मग काय, दोघांना छंदच लागला. काका भिंग लावून शब्द हुडकायचे आणि एखादा नातेवाईक सापडला की शाळकरी पोरासारखे टाळी द्यायचे. डोळ्याला आयिन. "अगं, ऐनक कशावर लावतो आपण? ऐन म्हणजे डोळाच की!" जिभेला लशोन, उर्दूत लिसान. हिशेबाला खेशबोन. बरकतीला ब्राखा. एकदा साबणाला सबोन निघालं तेव्हा सिंधु हसून हसून बेजार झाली. "घ्या! साबन तर आपल्या न्हानीतलाच निघाला."

"पण सगळंच जुळत नाही बरं का," काका बजावायचे. "जुळलं तर राम राम घालायचा, नाही जुळलं तर मुकाट्यानं घोकायचं."

एकदा तिनं धीर करून विचारलं, "काका, म्या गेल्यावर तुमचं कसं हो?"

"तू आधी पास हो," काका म्हणाले आणि पुढचा शब्द काढला. सिंधुनं मनातल्या मनात त्यांच्या पाया पडून घेतलं. आपल्याला सोडून जाणाऱ्या माणसाला रस्ता दाखवणारा माणूस तिनं आयुष्यात दुसरा पाहिला नव्हता.

शब्द कळले, पण बोलायचं कुणाशी? काकांना धड ऐकू येत नाही. मग राहिल्या काकू. सिंधु सकाळी पडदा सारला की म्हणायची, "बोकेर तोव, काकू," म्हणजे शुभ सकाळ. पाण्याचं भांडं त्यांच्या डोळ्यांपुढं धरायची, "मायिम." मऊ भाताचा घास भरवताना, "लेआत, लेआत," म्हणजे सावकाश. पाठ फिरवताना कळ आली का विचारायचं तर, "कोएव?" पोट भरलं का, पुरे का, "दाय?" आणि दोन्ही वेळचं ताट उचलताना न चुकता, "आखल्त?" म्हणजे जेवलात का. काकू आधी अशा नजरेनं बघायच्या की पोरीला उन्हाचा त्रास झालाय की काय. नंतर त्यांना सवय झाली. ऐकायला त्या होत्याच कायम, दुसरं होतं काय त्यांच्या हातात?

असे चार महिने गेले. एप्रिल लागला. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. लातुरात आठ-आठ दिवसांनी नळ येतो तेव्हा घरातलं माणूस चूल सोडून धावतं. रेल्वेनं पाणी आणलेलं गाव आहे ते. सिंधु टाकी, बादल्या, पातेली, अगदी फोडणीचं भगुणंसुद्धा भरत सुटली होती. ह्या गडबडीत काकूंना दुपारचं पाणी पाजायचं राहून गेलं.

आणि आतून आवाज आला, "मायिम."

सिंधुला वाटलं, मोबाइल चालू राहिला. तिनं कमरेला हात लावला, मोबाइल बंद होता.

"मा... यिम."

सिंधुनं नळी टाकली तशी धावली. अंगणभर पाणी झालं, शेजारीण भिंतीवरून ओरडायला लागली, पण लक्ष कुणाचं होतं! काकू भांड्याकडं बघत होत्या. सिंधुनं काकांना बाहीला धरून ओढत आणलं. त्यांना ऐकू यावं म्हणून त्यांचा कानच काकूंच्या तोंडाशी नेला. काकूंनी तिसऱ्यांदा पाणी मागितलं. दीड वर्षानं ती बाई बोलली होती. काका मटकन पलंगाच्या कडेला बसले. आधी रडले, मग हसायला लागले. "लातूरची बाई, आणि पाणी परमुलखाचं मागतेय," एवढंच म्हणाले आणि बायकोला स्वतःच्या हातानं पाणी पाजलं.

पुढच्या महिनाभरात मायिममागून दाय आलं, कोएव आलं, घास घाईघाईनं आला की लेआतसुद्धा यायला लागलं. काकांनी नांदेडला लेकीला फोन केला, "अपू, तुझी आई बोलली." काय बोलली ते काही सांगितलं नाही. अपूर्वा तिकडं कॉलेजात शिकवते. परीक्षांचे दिवस, तिला लगेच निघता येईना. ती फोनवरच रडली.

दरम्यान सिंधु मुलाखत देऊन आली. हैदराबादच्या ऑफिसात संगणकापुढं बसवलं, पडद्यावर तिकडची एक बाई. तिनं आठवड्याचे वार विचारले, सिंधुनं बुधवार गाळला. आकडे विचारले, तेही घसरले. सिंधुचे डोळे भरून यायला लागले. मग त्या बाईनं विचारलं, सांभाळायची आजी जेवायला नको म्हणाली तर काय करशील? आणि सिंधुचा उजवा हात आपोआप वर उठला, चमचा धरल्यासारखा. लेआत, लेआत म्हणत ती काकूंशी बोलायची तसं सगळं बोलत गेली. कुठं अडखळली नाही. पडद्यावरची बाई पेन खाली ठेवून नुसती ऐकत होती. सिंधु पास झाली. परतीच्या गाडीत ती उदगीरलासुद्धा उतरली नाही, आधी लातूरला येऊन काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं. "काकू, तुमीच पास केलं मला," ती म्हणाली.

मग पुढच्या रविवारी अपूर्वा आली. आईवडिलांना आता नांदेडलाच न्यायचं, हे तिनं ठरवूनच आणलं होतं. आल्या आल्या पिशवीसुद्धा न ठेवता ती आईच्या उशाशी बसली. "आई, मी आले. अपू. बोल ना." काकूंनी डाव्या हातानं लेकीचा गाल चाचपला. ओठ हलले.

"मायिम."

अपूर्वानं पुढं कान केला. "काय? पुन्हा म्हण."

"मायिम... मायिम."

"बाबा, हे काय बोलतेय ही?"

काकांनी सांगितलं. सिंधु कोपऱ्यात उभी होती, चेहऱ्यावर अजून हसू होतं. ते तिथंच राहिलं आणि अपूर्वा उठून तिच्यापुढं येऊन थांबली.

"सिंधु, दीड वर्ष मी वाट बघतेय, आई मला एकदा अपू म्हणेल म्हणून. आणि तू तिला... कुठली भाषा शिकवलीस? तू जाशील निघून. माझ्या आईला तहान लागली, कळ आली, तर घरात कुणाला कळणार? नांदेडच्या डॉक्टरांना कळणार? एक शब्द मराठी शिकवला असतास तर तुझं काय बिघडलं असतं?"

बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही? काकूंना जी काही वाचा आली ती आपल्याबरोबरच विमानात बसून जाणार! तिला स्वतःचीच चीड आली.

"म्या जात न्हाई ताई," ती म्हणाली. "एजन्सीला फोन करते. न्हाई जात."

"नाटकं करू नकोस."

"नाटक न्हाई वो. म्या मुद्दाम केलं न्हाई. मराठीबी बोलायचेच की म्या, वरीसभर बोलले. पन ते कसं, भरभर, हातात काम, तोंडानं बडबड. ह्ये मला सवताला येत नव्हतं. म्हनून एकेक बोलले, हळू, वस्तू म्होरं धरून. काकूंसाठी न्हाई, माझ्यासाठीच. मतलब माझाच व्हता." आणि ती पदराला तोंड लावून रडायला लागली.

काकांना ह्यातलं निम्मंच ऐकू आलं असेल, पण जे यायचं ते आलं. "अपू, बस," ते म्हणाले. "ह्या घरात गोदावरीशी सगळे भरभर बोलत होते. तू फोनवर, मी ओरडून, डॉक्टर घड्याळ बघून. दिवसातून दहा वेळा थांबून, भांडं पुढं धरून एक शब्द कुणी बोललं? ही बोलली. शब्द कुठला होता त्याचं काय घेऊन बसलीस? लोक आपल्या आजोबाचा कागद घेऊन माझ्याकडं येतात, त्यांना वाचता येत नाही म्हणून. ते आजोबाला बोल लावत नाहीत. शिकून घे. चार-पाच तर शब्द आहेत. आणि मराठी पाहिजे असेल तर हिच्यासारखं बस तिच्यापुढं."

अपूर्वा परत आईच्या उशाशी बसली. मग पाण्याचं भांडं घेतलं, आईच्या डोळ्यांपुढं धरलं आणि सावकाश म्हणाली, "मायिम. पाणी." काकू घोटभर प्यायल्या. "दाय," त्या म्हणाल्या. अपूर्वानं मागं वळून सिंधुला विचारलं, "दाय म्हणजे?"

"पुरे, ताई."

त्या आठवड्यात अपूर्वानं रजा काढली आणि सिंधुकडून सगळं शिकून घेतलं. काकांनी जाड पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत यादी केली: मायिम, पाणी. कोएव, दुखतंय. दाय, पुरे. लेआत, सावकाश. खाली सिंधुनं स्वतः एक ओळ घातली: आखल्त, जेवलात का, हे ताट उचलताना रोज विचारायचं. पुठ्ठा नांदेडच्या घरात काकूंच्या पलंगावरच्या भिंतीला लागला. सिंधुच्या निघायच्या दिवशी अपूर्वानं तिला नवी साडी नेसवली, ओटी भरली. "मी त्या दिवशी जास्त बोलले गं," ती म्हणाली. सिंधु म्हणाली, "ताई, बोलल्या म्हनून तर तुमी शिकल्या, आन् मला जाता यायलंय. न्हाईतर जीव इथंच ऱ्हायला असता."

इस्राएलात समुद्राकाठच्या हैफा गावात, चढावरच्या एका घरात, एक्क्याण्णव वर्षांच्या आजी. पहिल्याच दिवशी आजींनी मायिम मागितलं आणि सिंधुचे हात कुणी सांगायच्या आधी कामाला लागले. आजींची मुलं चांगली होती, सगळं दाखवायची, सायरन वाजला तर कुठल्या खोलीत जायचं तेही. पण सगळी आपापल्या कामाची. तीन आठवडे सिंधुनं आजींना दोन्ही वेळा विचारलं, आखल्त? सिंधुला मात्र कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं कारणही नव्हतं म्हणा. फ्रीज भरलेला होता आणि घे म्हणून सांगितलेलं होतं. पण उघडून एकटीनं खायला तिचा हात पुढं होत नव्हता. एक दिवस दुपारचे तीन वाजले तरी पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. नांदेडहून अपूर्वा. "सिंधु, आईला बघायचंय तुला. काल तिनं मला अपू म्हटलं, सांगू? दोनदा!" आणि पडद्यावर काकू आल्या. मागं भिंतीवर तो पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली काका, कानाला हात लावून बसलेले. सिंधुनं हसायचा प्रयत्न केला. काकू तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिल्या. आजवर काकू जे बोलल्या ते सगळं स्वतःसाठी होतं, पाणी द्या, दुखतंय, पुरे. दुसऱ्याला त्यांनी काही विचारलं नव्हतं. त्यांचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"आ... आखल्त?"

तिकडं अपूर्वानं तोंडावर हात दाबला होता. काकूंना त्यांचा प्रश्न परत मिळाला होता, गल्लीतल्या प्रत्येकाला विचारलेला तोच.

सिंधुला खोटं बोलवेना. "न्हाई, काकू," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

काकूंनी डावा हात उचलून खाली दाबला, बस, जेव म्हणून. सिंधुनं मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, फ्रीज उघडला, पाव काढला, आदल्या दिवशीची वांग्याची भाजी काढली आणि काकूंच्या समोर जेवायला बसली. फोन चालू तसाच राहिला. काकूंनी शेवटच्या घासापर्यंत नजर हलवली नाही.

"आखल्ती, काकू," सिंधु म्हणाली. "जेवले."

काकूंनी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडं न बघता विचारलं, "दाय?"

"थोडं अजून घेते," म्हणत सिंधुनं दुसरा पाव उचलला.